हौद किती पाणी पितो

नवा हौद पाणी पितो, हे आमच्याकडे कोणीही सांगेल. संध्याकाळी काठोकाठ भरून ठेवावा आणि सकाळी पाहावं, तर पाणी बोटभर खाली. पुन्हा भरावा, पुन्हा थोडं खाली. ‘पिऊ द्या, तहानलेला हाय,’ असं म्हणून माणसं आपापल्या कामाला लागतात. मलाही ते पटलेलं होतं. मला फक्त तो किती पितो आणि कधी थांबतो, हे हवं होतं.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करतो. उसाने भरलेली गाडी येते, तिचं वजन घ्यायचं. रिकामी होऊन परत येते, पुन्हा वजन घ्यायचं. वजाबाकी म्हणजे ऊस. इतकी वर्षं हेच केल्यामुळे मला बहुतेक गोष्टी भरलेल्या आणि रिकाम्या अशा दोन वजनांतच दिसतात. हंगाम संपला की काटा निवांत असतो. उन्हाळ्यात मी दुपारचा घरी येतो, आणि घरी असलो की मला मोजायला काहीतरी लागतं, असं बायको म्हणते.

आमची वस्ती शनिशिंगणापूरच्या शिवारात, रस्त्यापासून थोडी आत. गोठ्यासमोर, लिंबाच्या झाडाजवळ, आम्ही गायींच्या पाण्यासाठी हौद बांधून घेतला. बांधला बायकोच्या धाकट्या भावाने. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली गवंडीकाम करून तो नुकताच स्वतःची कामं घेऊ लागला होता, आणि आमचा हौद हे त्याचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. विटांचा नको, सगळा काँक्रीटचाच करतो म्हणाला. आतून दोन मीटर लांब, एक मीटर वीस रुंद, एक मीटर खोल. भिंती आणि तळ दहा सेंटीमीटर. काम झाल्यावर मी टेप घेऊन ही मापं तपासली, तेव्हा तो थापी धुता धुता म्हणाला, “दाजी, झगा शिवायचाय का हौदाला?”

त्या दिवशी शेजारचे चार लोक बघायला आले होते. त्यांच्यासमोर त्याने काठावर हात ठेवून सांगितलं, “थेंब गळला तर मी माझ्या हातानं फोडीन.” कोणी तसं विचारलं नव्हतं. पण पहिलं काम होतं त्याचं.

काँक्रीट कोवळं असताना त्याला ओलं ठेवावं लागतं. भिंतींवर गोणपाट टाकायचं आणि त्यावर पाणी मारत राहायचं. ते काम आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मागून घेतलं. आबा आता फारसं काही करत नाहीत. माणसांची नावं त्यांच्या हातून निसटतात, सकाळ की संध्याकाळ हेही कधी कधी विचारावं लागतं. पण पाणी मारण्याचं काम त्यांनी मनापासून केलं. मुदत संपली, गोणपाट निघालं, हौद भरला, आणि माझं मोजणं सुरू झालं.

पद्धत साधी होती. आतल्या भिंतीवर पेन्सिलीने पाण्याच्या पातळीची रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. दोन रेघांमधलं अंतर पट्टीने मोजायचं. पण सगळंच पाणी काही काँक्रीट पीत नाही, बरंच उन्हाने उडतं. म्हणून प्लॅस्टिकचा ड्रम अर्धा कापून मी हौदाशेजारी ठेवला आणि भरला. प्लॅस्टिक पाणी पीत नाही. त्यातलं जे कमी होईल ते फक्त उन्हाचं. ड्रम काळा होता, जास्त तापला असता, म्हणून त्याला बाहेरून चुना लावला. हौद जेवढा उतरेल त्यातून ड्रमचं उतरणं वजा केलं की उरेल ते काँक्रीटने प्यायलेलं. मोजणी चालू असेपर्यंत हौदातून कोणी पाणी घ्यायचं नाही, असं मी घरात सांगितलं. गायींना दुसऱ्या ड्रममधून पाजायचं.

“म्हणजे हौद भरलेला, आणि गायी बघत उभ्या,” बायको म्हणाली.

“थोडे दिवस.”

“तुम्ही गायींना समजावून सांगा मग.”

बांधकामातून उरलेलं काँक्रीट घमेल्यात तसंच राहून घट्ट झालं होतं. त्याचा एक गोळा निघाला, पालथ्या वाटीसारखा. मी तो गोठ्याच्या पत्र्यावर कडक उन्हात वाळवला. बायको खवा विकते, तिचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. त्यावर रोज वजन केलं. वजन उतरायचं थांबलं तेव्हा चार किलो एकशे ऐंशी ग्रॅम होतं. मग गोळा बादलीत बुडवला.

तो बुडाल्यावर जे झालं ते मी बराच वेळ बघत बसलो. गोळ्याच्या अंगातून बारीक बुडबुड्यांचे धागे वर येऊ लागले. कान जवळ नेला तर अगदी हलका आवाज येत होता, दूर कुठेतरी पोहे भाजत असल्यासारखा. आतली हवा बाहेर येत होती आणि तिच्या जागी पाणी जात होतं. दगडासारखी दिसणारी वस्तू इतकी पोकळ असेल असं वाटत नाही. मला उसाला पाणी देताना सऱ्यांमधून ते पुढे सरकतं ते आठवलं. कोरडी ढेकळं आधी काळी पडतात, मग विरघळतात, मग पाणी क्षणभर थांबल्यासारखं होऊन पुढच्या सरीत शिरतं. इथेही तसंच चाललं असेल, फक्त दिसत नव्हतं.

“चार वाजले. गायी कोण सोडणार?” बायकोने विचारलं तेव्हा मी अजून बादलीशीच होतो.

गोळा पाण्यातून काढून, फडक्याने पुसून, रोज वजन करत गेलो. चार किलो तीनशे नव्वदला ते थांबलं. दोनशे दहा ग्रॅम पाणी. शंभराला पाच. मेहुण्याचं काँक्रीट चांगलं होतं, हे मला तेव्हाच कळलं आणि बरं वाटलं.

आता हौदाचा हिशेब. त्यात जवळजवळ एक घनमीटर काँक्रीट, म्हणजे तेवीस-चोवीसशे किलो. शंभराला पाच धरलं तर अगदी पोटभर प्यायला तरी एकशेवीस लिटर. हौदात एक सेंटीमीटर पाणी म्हणजे चोवीस लिटर. तेव्हा सगळा मिळून तो पाच सेंटीमीटर पिईल आणि थांबेल.

तो थांबला नाही.

उन्हाने रोज सेंटीमीटरभर जायचं. ड्रम तेवढाच उतरायचा. हौद दीड सेंटीमीटर उतरायचा. वरचा अर्धा सेंटीमीटर, म्हणजे बारा लिटर, रोज न चुकता. अधूनमधून बोअर चालू करून मी हौद भरून घ्यायचो, आणि पुन्हा तेच. काँक्रीटने प्यावं त्याच्या दुपटीहून जास्त पाणी गेलं तरी अर्धा सेंटीमीटर चालूच. आणि हौदाची बाहेरची भिंत रोज सकाळी ओली दिसायची. नऊ-दहापर्यंत उन्हाने वाळायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली. एक गोष्ट मला खटकली होती. पाणी आत वीतभर खाली असलं तरी बाहेरचा ओलावा थेट काठापासून असायचा. पण काँक्रीट पाणी वर ओढतं, समईतली वात तेल ओढते तसं. मी तेच कारण धरलं आणि पुढे गेलो.

उन्हाळ्यातल्या त्या दुपारी फार हळू जायच्या. मी लिंबाखाली बाजेवर पडून हौदाकडे बघायचो. पाण्यावरून उजेड उसळून लिंबाच्या पानांच्या खालच्या बाजूला जाळीसारखा हलायचा. वारा पडला की जाळी थांबायची. गायी डोळे मिटून रवंथ करायच्या. घराच्या चौकटीतला पडदा फुगायचा आणि आत जायचा, घर श्वास घेत असल्यासारखा. आमच्या घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत. लहानपणापासून तसंच. बाहेरगावी मुक्कामाला गेलो की रात्री कडी लावल्याचा आवाज मला अजून दचकवतो.

अशाच एका दुपारी डोळा लागला आणि मी काँक्रीटच्या आत होतो. खडी प्रवरेच्या पात्रातल्या धोंड्यांएवढी मोठी झाली होती आणि मी त्यांच्यामधून चालत होतो. वाळू पायाखाली गरम होती. कुठूनतरी पाणी येत होतं. ते दिसत नव्हतं, पण धोंडे एकेक करून काळे होत होते. पुढे आई होती. पदर खोचलेला, हातात कळशी. मी तिला विचारलं, इथून किती जातं रोज? ती म्हणाली, तू साळंला जा.

जागा झालो तेव्हा उन्हं कलली होती. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी शाळेत असताना आमचं हे घर बांधलं, तेव्हा तिने आणि आबांनी पाणी मारायचं वाटून घेतलं होतं. पहाटेचं आबा मारायचे, रानात जाण्याआधी. दुपारचं आई. ओल्या सिमेंटचा तो वास त्या वेळी सगळ्या घरात होता, आमच्या कपड्यांनाही.

शेवटी मेहुण्याला फोन केला. आकडे सांगितले.

“खालून गळतंय म्हणताय तुमी?”

“खालून का बाजूने ते मला सांगता येत नाही. पण रोज बारा लिटर जातंय.”

“मी गोणपाट काढलं तवा एक चीर न्हवती दाजी.”

“काँक्रीट चांगलं आहे. मी वजन करून बघितलंय.”

“चांगलं हाय तर जातंय कुठं?” मग म्हणाला, “रविवारी येतो. घण घिऊन येतो.”

“आधी बघून तर घे.”

“बोललोय मी चार लोकांम्होरं.”

त्याने फोन ठेवला. बायको कणीक मळत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“पहिलंच काम फोडलं म्हटल्यावर दुसरं कोण देणार त्याला?” ती म्हणाली. “आणि बहिणीच्या घरचं. दिवाळीला तो भाऊबीजेला येईल असं वाटतं तुम्हाला? मी ओळखते त्याला. तो या घरी पुन्हा पाणी प्यायला थांबायचा नाही.”

“मी काय करू? मोजलं नाही तरी पाणी जाणारच.”

“जाऊ द्यायचं होतं. बारा लिटर. म्हैस एका दमात पिते.”

बारा लिटर खरोखरच फार नाहीत. पण हौद आज बारा लिटर गळत असेल तर पुढच्या उन्हाळ्यात किती, हा प्रश्न उरतोच, आणि आमच्या बोअरचं पाणी मेअखेर हाताच्या मनगटाएवढ्या धारेवरून बोटाएवढ्या धारेवर येतं. बायकोने परात ओढून घेतली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. रविवारपर्यंत ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

रविवारी मी पहाटेच उठलो. मेहुणा येण्याआधी शेवटची एक रेघ मारावी, म्हणजे त्याच्यासमोर नक्की आकडा सांगता येईल, एवढाच विचार होता. पडदा सारून बाहेर आलो. उजेड अजून रंगाला आला नव्हता, सगळं राखेसारखं दिसत होतं. मागे वळून पाहिलं तर आत चौकटीशी असलेली आबांची बाज रिकामी होती. वाकळ नीट घडी करून ठेवलेली.

मग पाणी पडल्याचा आवाज आला. थोडा वेळ शांत. मग पुन्हा.

आबा हौदाशी उभे होते. अंगात बंडी, धोतर वर खोचलेलं. डाव्या हाताने काठ धरून, टाचा उचलून ते आत वाकले, तांब्या बुडवला, आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगावर काठापासून हळूहळू ओतत गेले. पाणी भिंतीवरून पसरत उतरत होतं आणि करडी भिंत काळी होत होती. तेवढा पट्टा झाला की ते हात काठावरून सरकवत एक पाऊल पुढे जायचे आणि पुन्हा वाकायचे. एक थेंब वाया जात नव्हता. मी तिथेच थांबलो. त्यांच्या टाचा जमिनीवरून सुटत होत्या, आणि एकदम हाक मारली तर तोल जाईल अशी भीती वाटली.

“आबा,” मी जवळ जाऊन म्हणालो.

“हळू. गुरं उठत्याल.”

“काय करताय?”

“पानी मारतुय. दिसंना व्हय?”

“झालं की ते. कधीच झालं.”

“कोवळं हाय अजून.” त्यांनी ओल्या भिंतीवर तळवा ठेवला. “हात लावून बघ. लई पितंय.”

मी हात लावला. भिंत गार होती. वरून ओलं, आणि बोटांखाली ते ओलं आत जात असल्याचं कळत होतं. आबांच्या हाताशेजारी माझा हात होता आणि दोन्ही सारखेच दिसत होते, फक्त त्यांचा जास्त वाळलेला.

“तुज्या आईला उठवू नगस,” ते म्हणाले. “रातीला लई उशिरा निजली. दुपारचं ती मारंल.”

“व्हय,” मी म्हणालो.

त्यांनी उरलेली बाजू पुरी केली. तांब्या पालथा घातला, धोतर सोडलं आणि पडवीत जाऊन बसले. मी आत वाकून पट्टी लावली. हौद कालच्या रेघेपासून दीड सेंटीमीटर खाली होता. ड्रम एक. तांब्या साधारण लिटरभराचा आहे. अर्धा सेंटीमीटर जुळला.

कुठल्याही दुसऱ्या गावात मला हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. कडी वाजली असती, दार कुरकुरलं असतं, मी विचारलं असतं की कोण आहे. आमच्याकडे पडदा हलतो आणि तो वाऱ्यानेही हलतो.

मेहुणा नऊच्या सुमाराला मोटारसायकलवर आला. मागे घण बांधलेला, पुढे टाकीवर अर्धी गोणी सिमेंट. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. चपला काढल्या, शर्ट काढून लिंबाच्या फांदीला अडकवला.

“अक्का, गायी लांब बांध,” तो म्हणाला.

“आधी चहा घे,” मी म्हणालो.

“चहा फोडल्यावर.”

“फोडायचं नाही. हौद गळत नाही.”

त्याने घण खाली टेकवला. मी पहाटेचं सगळं सांगितलं. बायको गोठ्याच्या खांबाला धरून ऐकत होती. सांगून झाल्यावर तो हौदाभोवती एक फेरी मारून आला, ओल्या भिंतीवरून बोट फिरवलं, पडवीत आबांकडे बघितलं. आबा चहात पाव बुडवत होते.

“म्हंजी माझा हौद गळत न्हाई.”

“नाही.”

“हे त्या चार लोकांना सांगा तुमी.”

“मी सांगते,” बायको म्हणाली. “हे गेले तर शंभराला पाच सांगत बसतील.”

तो हसला नाही, पण खांदे जरा खाली आले. काठावर बसला. “दाजी, ऊन मोजलं, ड्रम मोजला, चार किलोचा गोळा मोजला. म्हाताऱ्याला कसं न्हाई मोजलं?”

“दाराचा आवाज आला असता तर मोजलं असतं.”

“कुठलं दार?” तो म्हणाला, आणि मग मात्र मोठ्याने हसला. बायकोने तोंडाला पदर लावला. आबांनी मान वर करून बघितलं, आणि काहीतरी चांगलं झालं असावं असं समजून तेही हसले.

चहा झाला. दुसराही झाला. आता आबांना पहाटे बाहेर पडू द्यायचं नाही, असं मी बोललो. तांब्या लपवून ठेवता येईल. त्यांच्या बाजेशेजारी मी झोपेन.

“टाचा उचलत्यात का?” मेहुण्याने विचारलं.

“हो. पाणी खाली असलं की फारच.”

तो उठला. हौदाच्या पडवीकडच्या बाजूला पायाने जमिनीवर एक चौकोन आखला. आत भरायला बांधावरचे दगड होते, आणि आमच्याकडे थोडी वाळू आणि खडी उरली होती. डागडुजीसाठी आणलेलं सिमेंट त्याने तिथेच कालवलं. दुपारपर्यंत हौदाच्या भिंतीला लागून एक पायरी तयार झाली, हौदाएवढीच लांब, वीतभर उंच, दोन माणसं शेजारी उभी राहतील इतकी रुंद. घसरू नये म्हणून त्याने ओल्या काँक्रीटवरून खराटा ओढून रेघा पाडल्या. मी टेप आणायला उठलो तर बायको म्हणाली, “बसा.” मी बसलो.

जेवायला तो थांबला. पुरणपोळी नव्हती, साधी मेथीची भाजी होती, दोनदा मागून घेतली. घण मात्र न्यायला विसरला. तो अजून आमच्या गोठ्यात आहे. काँक्रीटच्या गोळ्याखाली बायको पनीरचं फडकं दाबते.

संध्याकाळी मी पायरीवर गोणपाट अंथरलं. आबा काठी टेकत आले. खाली वाकून त्यांनी गोणपाटाचा कोपरा उचलला आणि बोट लावून पाहिलं. बोटाला करडं लागलं.

“हे आजचं हाय,” ते म्हणाले.

“होय आबा. अजून दोन दिवस यावर उभं राहायचं नाही. नुसतं पाणी मारायचं.”

“ते मला सांगतुस व्हय?”

मी तांब्या भरला आणि हौदाच्या काठावर ठेवला. शेजारी एक बादली भरून ठेवली, म्हणजे वाकावं लागू नये. दुसऱ्या दिवसापासून गायींना हौदाचं पाणी देणार होतो, तेव्हा रेघांचा उपयोग संपला होता. पेन्सिल खिशातच राहिली.

पहाटे मला जाग आली. उजेड नुकताच फुटत होता. पडदा आत आला आणि बाहेर गेला. वारा नव्हता. मी उठलो नाही. थोड्या वेळाने गोणपाटावर पाणी पडल्याचा आवाज आला, दबका, जमिनीतून आल्यासारखा. मग शांत. मग पुन्हा.